बारा वाजेपर्यंतची स्कॉलरशिप

गेल्या रविवारी भाचा घरी आला तो फोन हातात धरूनच. पुढ्यात पोहे ठेवले तरी नजर स्क्रीनवर. "मामा, आज रात्री बारापर्यंतच स्कॉलरशिप आहे. पस्तीस हजार कमी होतायत. एमबीए घेऊ का?"

करू का नव्हे, घेऊ का. आमच्या वेळी माणूस बी.कॉम. व्हायचा, एम.कॉम. करायचा. बुलेट घ्यायची, टू बीएचके घ्यायचा, तसं आता एमबीएही घ्यायचं. मी हे खुसपट काढलं तसा तो वैतागला. पण तो गेल्यावर वाटलं, शब्द त्याचाच बरोबर आहे. त्याला खरंच काहीतरी विकलं जात होतं. मग विकत घेताना जे प्रश्न विचारतात ते विचारायला काय हरकत आहे? यात आहे काय, बाजारात याला किंमत किती, आणि हीच वस्तू पलीकडच्या दुकानात कितीला मिळते.

भाचा २९ वर्षांचा. बी.ई. मेकॅनिकल. चाकणला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे, हातात ३८ हजार येतात. लग्नाला दोन वर्षं झालीत. एका खासगी विद्यापीठाचं दोन वर्षांचं ऑनलाइन एमबीए, फी दोन लाख दहा हजार, 'स्कॉलरशिप' वजा जाता पावणेदोन लाख. चोवीस हप्त्यांत भरायचे, म्हणजे महिन्याला सात हजार तीनशेच्या आसपास.

मी भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत एचआरमध्ये सव्वीस वर्षं काढली. सुरुवात केली तेव्हा खात्याचं नाव पर्सोनेल होतं आणि बायोडेटा टपालाने यायचे. एमबीए झालेल्यांचे, होत असलेल्यांचे आणि सोडून दिलेल्यांचे किती अर्ज नजरेखालून गेले त्याची मोजदाद नाही. त्या जोरावर माझं मत सांगून टाकतो. हे ऑनलाइन एमबीए ज्यांना सर्वांत जास्त विकलं जातं, त्यांनाच त्याचा सर्वांत कमी उपयोग आहे. आणि दोष ते ऑनलाइन असण्याचा नाही.

तसा तो असता तर सीएला कोणी विचारलं नसतं. इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स १९४९ साली स्थापन झाली, आणि तेव्हापासून सीए होणारा मुलगा मुख्यतः घरीच शिकतो. इन्स्टिट्यूटची जाडजूड पुस्तकं घरी येतात, क्लास लावायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. हजेरी नाही, कॅम्पस नाही, हॉस्टेल नाही. बाहेरून शिकण्याचं याहून मोठं उदाहरण आपल्याकडे नाही, पण "रेग्युलर सीए की डिस्टन्स?" असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. कारण दोन. परीक्षा अशी की भले भले चार-चारदा बसतात, आणि आर्टिकलशिप. ती आधी तीन वर्षांची होती, २०२३ च्या नव्या योजनेत दोन वर्षांची झाली. त्या काळात पोरगं व्हाउचर तपासतं, स्टॉक मोजायला गोदामात जातं, सिनिअरच्या शिव्या खातं. घरबसल्या शिकलेलं बाजारात चालतं, पण शेवटी दार अरुंद असावं लागतं आणि हात कामात घातलेले असावे लागतात. आज जे ऑनलाइन एमबीए फोनवरून विकलं जातं त्यातल्या बहुतेकांना हे दोन्ही नसतं. पदवीला ५० टक्के आणि हप्ता भरायची ऐपत, एवढ्यावर प्रवेश.

मायकेल स्पेन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं आमच्या एचआरच्या भाषेत सांगायचं तर असं: नोकरी देणाऱ्याला समोरचा माणूस कसा आहे हे कळत नाही, म्हणून तो पदवीकडे बघतो. त्या पदवीत काय शिकवलं हे तो फारसं बघत नाही. ती मिळवणं ऐऱ्यागैऱ्याला जमलं नसतं, एवढंच त्याला त्यातून कळतं. म्हणजे पदवीची किंमत ती मिळवायला किती जड आहे यावर. मी हे वाचलं नोकरीच्या पंधराव्या वर्षी, आणि जरा ओशाळलो. कारण कॅट देऊन आयआयएममध्ये गेलेल्या मुलाला मुलाखतीला बोलावताना तिथे त्याला काय शिकवलं हे मी एकदाही विचारलं नव्हतं. तो आत शिरला, यातच मला हवं ते उत्तर होतं. निवड दुसऱ्याने केलेली, मी नुसता तिच्यावर सही करत होतो.

आता आमच्या टेबलावर प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. असिस्टंट मॅनेजर, पर्चेसची एक जागा. चारशे अर्ज. ते एक्सेलमध्ये येतात, शिक्षणाच्या रकान्यात फिल्टर लावला जातो. या चाळणीत ऑनलाइन एमबीएवाला बसतो, हे खरं. फोनवरून हे एमबीए विकणारा काउन्सेलर सांगतो तेवढं खोटं नसतं. पण पुढच्या खोलीत पर्चेस हेड विचारतो, "कुठून केलं?" आणि लगेच, "रेग्युलर का?" या दोन प्रश्नांना मिळून पाच सेकंद लागतात. त्या पाच सेकंदांत पावणेदोन लाखांचं काय होतं, हे मी खोलीत बसून पाहिलंय. त्यानंतर मुलाने बाजी मारलेलीही पाहिली, पण ती एमबीएच्या जोरावर नव्हे. कास्टिंगचा भाव किलोमागे कुठून कुठे गेला आणि त्याने व्हेंडरला कसा खाली आणला, हे त्याने तोंडपाठ सांगितलं म्हणून.

इथे काउन्सेलर कायदा काढतो. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या २०२० च्या नियमावलीत कलम २२ आहे. त्याप्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीशी समकक्ष, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने नोटीस काढून ते पुन्हा बजावलं. सगळं खरं. पण समकक्ष म्हणजे पात्र. सरकारी जाहिरातीत 'पदव्युत्तर पदवी' असेल तर तुमचा अर्ज केवळ ऑनलाइन म्हणून बाजूला टाकता येणार नाही, पुढे पीएच.डी.ला वगैरे जायचं तर अडायला नको. खासगी मालकाने कोणाला निवडावं, हे कलम २२ त्याला सांगत नाही. सांगूही शकत नाही.

आणि त्याच कलमाची दुसरी बाजू काउन्सेलर वाचत नाही. ऑनलाइन पदवी समकक्ष असेल तर सगळ्याच मान्यताप्राप्त पदव्या समकक्ष आहेत. इग्नूचं एमबीए आजही लाखाच्या आत होतं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची व्यवस्थापनाची पदवीही यूजीसीच्या नजरेत तीच. मग जास्तीचे लाखभर रुपये कशाचे? कायद्याचे तर नक्कीच नाहीत. शिकवण्याचे म्हणावे तर सप्लाय-डिमांडची आकृती सगळीकडे सारखीच. ते पैसे इंग्रजी नावाचे, चकचकीत ॲपचे आणि त्या फोन करणाऱ्या मुलांच्या पगाराचे. हेच मी भाच्याला सांगितलं तर त्याची बायको म्हणाली, "मामा, मुक्त विद्यापीठ म्हटलं की लोकांना वाटतं, नापास झाला असेल म्हणून तिकडे गेला." ती खोटं बोलत नव्हती. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन १९८९ पासून चाललेलं आपलंच विद्यापीठ आपल्याला कमीपणाचं वाटतं. आणि तशीच घरबसल्या मिळणारी, कायद्याने तेवढ्याच वजनाची पदवी खासगी नावाने दुप्पट-तिप्पट भावात घेताना आपण पेढे वाटतो. लग्नाच्या बायोडेटात नुसतं 'एमबीए' लिहिलं की झालं. तिथे ऑनलाइन हा शब्द छापलेला मी आजवर पाहिला नाही.

मान्यतेबद्दल मात्र हयगय नको. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांच्या दूरस्थ पद्धतीने दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांचा निकाल दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांना एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या परिषदेची, परीक्षा देऊन पदवी वाचवायची संधी मिळाली, त्यानंतरच्यांच्या पदव्या रद्दच झाल्या. त्या पदवीवर बढती घेऊन बसलेली माणसं एका सकाळी पुन्हा डिप्लोमावाली झाली. आता यूजीसीचा दूरस्थ शिक्षण विभाग कोणत्या विद्यापीठाला, कोणत्या सत्रात, कोणत्या अभ्यासक्रमाला परवानगी आहे याची यादी लावतो. ती सत्रनिहाय बघायची, 'विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे' एवढ्यावर थांबायचं नाही. एडटेक, म्हणजे ॲपवरून शिक्षण विकणाऱ्या, कंपन्यांशी फ्रँचायझीचे करार करू नका, असं यूजीसी आणि एआयसीटीई दोघांनी जानेवारी २०२२ मध्ये विद्यापीठांना आणि संस्थांना बजावलं होतं. परदेशी विद्यापीठाची पदवी इथल्या ॲपवरून देणाऱ्यांबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये यूजीसीने पुन्हा वेगळा इशारा दिला. एवढे इशारे द्यावे लागतात, त्याअर्थी हा बाजार कसा चालतो ते ओळखावं.

इतकं सगळं बोलून मी ऑनलाइन किंवा बाहेरून एमबीए करणाऱ्याला मूर्ख म्हणतोय असं समजू नका. ज्याला ते फळलं असा एक माणूस माझ्या डोळ्यांसमोर आहे.

आमच्या स्टोअर्समध्ये होता, पंढरपूरकडचा, बी.कॉम. झालेला. मुक्त विद्यापीठातून एमबीए करत होता. पुस्तकं टेबलाखालच्या खोक्यात ठेवायचा, जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी उघडी. एकदा मी मस्टर तपासायला गेलो तर हा दोन रॅकसमोर उभा. त्यांवर रबरी ग्रोमेटची पोती होती. ग्राहकाने ते मॉडेलच बंद केलं होतं, माल तीन वर्षं तसाच पडलेला. सगळ्यांना ठाऊक, आणि सगळ्यांना ठाऊक म्हणून कोणीच बघत नव्हतं. याने जुन्या गेटपासच्या पाठीवर हिशेब मांडला होता. माल साडेअकरा लाखांचा. बँकेचं कॅश क्रेडिट बारा टक्क्यांनी. म्हणजे वर्षाला एक लाख अडतीस हजार नुसते त्या रॅकवर जळतायत, वर जागा अडली ती वेगळीच. मला म्हणाला, "साहेब, काल रात्री खेळत्या भांडवलाचा धडा वाचत होतो. त्यात आपलंच स्टोअर लिहिलंय."

तो गेटपास घेऊन तो प्लँट हेडकडे गेला. सोमवारच्या मीटिंगमध्ये कागद फिरला. मालकाला वर्षाला सव्वा लाखाहून जास्त हा आकडा झोंबला. डेड स्टॉक म्हटलं असतं तर झोंबलं नसतं. माल भंगारात गेला, सगळ्या रॅकना किमान-कमाल मर्यादेच्या पट्ट्या लागल्या, आणि दोन वर्षांनी तो मटेरियल्सचा मॅनेजर झाला. त्याची पदवी तोपर्यंत पूर्ण झाली होती, पण बढतीच्या कागदावर तिचा उल्लेख केल्याचं मला आठवत नाही. तो कागद मीच टाइप केला होता.

त्याच्यापुढे रॅक होता आणि पुस्तकाने त्याला रॅककडे बघायचा डोळा दिला. रॅक नसेल तर पुस्तक नुसतं पुस्तक. म्हणून मी भाच्याला विचारलं, "तुझ्या वरच्या खुर्चीवरच्या माणसाचं शिक्षण काय?"

"डिप्लोमा. मालकांचा जुना माणूस."

"त्याच्या वर?"

"बी.ई. आणि त्याच्या वर मालकांचा मुलगा."

"मग या जिन्यात एमबीएची पायरी कुठे आहे?"

तो गप्प. मग म्हणाला, "पण दुसरीकडे अप्लाय करायचं तर?" प्रश्न चुकीचा नाही. पण दुसरीकडे जायचं तर हिशेब दुसऱ्या नाण्यात करावा लागतो. पैशांपेक्षा तासांत. आठवड्याला दहा तास धरले तर दोन वर्षांत हजार तास. शिफ्ट करून, चाकणच्या चौकातल्या ट्रॅफिकमधून घरी येऊन, बायकोच्या वाट्याचे काढलेले हजार तास. त्याच्या कामाचा माणूस हजार तासांत सिक्स सिग्माचा, म्हणजे उत्पादनातले दोष कमी करायच्या पद्धतीचा, ग्रीन बेल्ट करून एका लाइनचं रिजेक्शन खरोखर खाली आणू शकतो. कंपन्यांत चालणाऱ्या सॅप सॉफ्टवेअरचं क्वालिटी मॉड्यूल शिकू शकतो. पुण्यात मॅक्समुल्लर भवन आहे आणि चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने, क्वालिटीतल्या ज्या पोराला कामापुरतं जर्मन येतं, त्याला मुलाखतीत "रेग्युलर का?" असं कोणी विचारत नाही. यातलं काही केलं की नोकरी मिळेलच असं मी म्हणत नाही. हजार तास एकदाच खर्च होतात, एवढंच.

याउलट जिथे पायरी खरंच आहे तिथे बिनदिक्कत करावं. निमसरकारी नोकरी, सहकारी बँक, एखादी मोठी कंपनी जिथे पॉलिसीत लिहून ठेवलंय की अमुक ग्रेडच्या वर पदव्युत्तर पदवी लागेल. तिथे तो कागद म्हणजे जिन्याची फरशी. ती बसवावी, आणि फरशीच्या भावात बसवावी. तालुक्याच्या गावातली, सासू-सासरे आणि दोन मुलं सांभाळून पतसंस्थेत काम करणारी बाई, तिला पुण्यात येऊन शिका म्हणणं हा शहाजोगपणा आहे. तिच्यासाठी ऑनलाइन हेच दार आहे, आणि ते उघडलं हे चांगलंच झालं. तिने फक्त दाराचे पैसे द्यावेत, झुंबराचे नाहीत.

हप्त्यांबद्दल थोडं, कारण घोळ तिथे होतो. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे एका फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज. पैसे थेट विद्यापीठाकडे जमा होतात, हप्ते तुमच्या खात्यातून. दुसऱ्या सत्रात कंटाळून सोडलं तरी हप्ते थांबत नाहीत, आणि थकले तर सिबिल खराब होतं ते तुमचं. मग घराचं कर्ज काढताना बँकेतला माणूस हेच एमबीए काढून दाखवतो. रोख भरणाऱ्याला मिळणारी सूट ईएमआयवाल्याला मिळत नसेल, तर व्याज कुठे लपलंय ते कळायला एमबीए लागत नाही. भाच्याला काउन्सेलरने शैक्षणिक कर्जासाठीच्या आयकर कलम ८०ई खाली टॅक्स वाचेल असंही सांगितलं होतं. ती वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आणि फक्त व्याजाची. भाच्याचं वर्षाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आसपास. नव्या प्रणालीत त्याला कर लागतच नाही, तर वाचवणार काय?

आता माझ्या स्वतःच्या जमातीबद्दल. 'एमबीए असल्यास प्राधान्य' ही ओळ जाहिरातीत कोणी घातली? आम्ही. मी स्वतः कित्येकदा घातली, आणि का घातली म्हणाल तर मागच्या जाहिरातीत होती म्हणून. डिस्पॅचच्या सुपरवायझरला एमबीए कशाला लागतं, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. कंपनीला ती ओळ फुकट पडते. तिची किंमत भाच्यासारखी पोरं हप्त्यांनी भरतात.

पूर्वी याला एक मधला मार्ग होता. मुंबई विद्यापीठाचे एमएमएम (मार्केटिंग), एमएफएम (फायनान्स) हे तीन वर्षांचे संध्याकाळचे व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम, पुण्यातला डीबीएम हा व्यवस्थापनाचा डिप्लोमा. माझ्या आधीच्या पिढीतले कितीतरी मॅनेजर असे ऑफिस सुटल्यावर वर्गात बसून तयार झाले. फी बेताची, आणि शेजारच्या बाकावर कोणी एलआयसीचा, कोणी गोदरेजचा, कोणी बॉम्बे पोर्ट ट्रस्टचा. पुढची नोकरी बहुतेकांना त्या बाकामुळे लागायची. कारखाने पिंपरीतून चाकण-रांजणगावला गेले, संध्याकाळी सहाला सुटून सातला वर्गात पोचणं अशक्य झालं, आणि ते वर्ग ओसरत गेले. ती पोकळी ॲपने भरली, पण बाक काही ॲपवर मिळत नाही. मिळतो तो दोनशे जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप, ज्यात शुभ सकाळ आणि असाइनमेंटची उत्तरं फिरतात.

हे वर्ग पुन्हा सुरू करणं काही चंद्रावर जाणं नाही. अभियांत्रिकीत नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेचे वर्ग घ्यायला एआयसीटीईने २०२३-२४ पासून परवानगी दिली आहे. व्यवस्थापनाचा असा वर्ग चाकण एमआयडीसीतच का नसावा? जागा कारखान्यांच्या ट्रेनिंग हॉलमध्ये, शिकवायला निम्मे प्राध्यापक आणि निम्मे आमच्यासारखे निवृत्त, पदवी सरकारी विद्यापीठाची. जी कंपनी जाहिरातीत एमबीए मागते तिने निम्मी फी भरावी. आणि खासगी ऑनलाइनवाल्यांनी किती जणांनी प्रवेश घेतला, किती जणांनी पूर्ण केलं आणि दोन वर्षांनी किती जणांचा पगार वाढला, हे तपासून घेतलेले आकडे आधी लावावेत, मग फोन करावेत. आयआयएम अहमदाबाद आपल्या प्लेसमेंटचे आकडे लेखापरीक्षण करून घेतं. मग बाकीच्यांना काय अडचण आहे?

त्या रात्रीचे बारा वाजून गेले. भाच्याने पैसे भरले नाहीत. सोमवारी साडेदहाला काउन्सेलरचा फोन आलाच, 'स्पेशल केस' म्हणून शनिवारपर्यंत मुदत वाढवली होती. भाच्याने तेवढ्यात माझं ऐकून आपल्या एचआरला एक मेल टाकला: बढतीसाठी एमबीए धरतात का, आणि कंपनी फीचा काही वाटा उचलेल का.

गुरुवारी उत्तर आलं, ते त्याने मला पुढे पाठवलं. बढतीसाठी एमबीएची अट नाही. फी देण्याची तरतूद नाही. खाली एचआर एक्झिक्युटिव्हचं नाव, आणि नावापुढे स्वल्पविराम देऊन: एमबीए.